सराफी घराण्याचा माग आणि ग्रॅम्प्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकू. कोल्हापुरातल्या सोनार-सराफ घराण्याची वंशावळ लावायला ग्रॅम्प्स हे फुकटचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. पण पहिल्याच दिवशी आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी उतरंड भरायला बसलात तर महिन्याभरात गाडी अडणार. या धंद्यातला माणूस नावानं क्वचितच सापडतो. तो सापडतो दुकानाच्या जागेवरून आणि वहीतल्या नोंदीवरून. सॉफ्टवेअर या अंगानं वापरलं तरच उपयोगाचं, नाहीतर लग्नपत्रिकेतली नावं टिपायला साधी वही पुरे.

नावाचा घोटाळा आधी समजून घ्या. ‘पोतदार’ हे मुळात काम आहे. वसुलीत आलेलं नाणं पारखून देणारा गावचा सोनार तो पोतदार. त्यामुळे कागलचे पोतदार आणि पन्हाळ्याचे पोतदार एकाच कुळातले असतीलच असं नाही. ‘सराफ’चंही तेच. उलट एकाच घरातला एक भाऊ पोतदार लावतो, दुसरा गावावरून ‘-कर’ होतो आणि तिसऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘सोनार’ असतं. ग्रॅम्प्समध्ये एका व्यक्तीला हवी तेवढी पर्यायी नावं देता येतात आणि प्रत्येक नावाला स्वतंत्र पुरावा जोडता येतो. ही सोय पहिल्या दिवसापासून वापरा. आज चालतं ते आडनाव मुख्य ठेवा, बाकीची पर्यायी नावांत.

दुसरं, वडलांचं नाव ‘गिव्हन’च्या, म्हणजे पहिल्या नावाच्या, रकान्यात घालू नका. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. मग रामचंद्र विठोबा, विठोबा रामचंद्र, पुन्हा रामचंद्र विठोबा अशी माळ लागते आणि दोन वेगळी माणसं एक समजून जोडली जातात. रकान्यात फक्त ‘रामचंद्र’ लिहा, बाप कोण ते कुटुंबाच्या जोडणीतून कळतं. वहीत ‘तात्या सोनार’ असेल तर तात्या टोपणनावात. बायकांचं लग्नानंतर पहिलं नावही बदलायचं, म्हणून ‘मॅरीड नेम’ या प्रकारात सासरचं पूर्ण नाव, माहेरचं मुख्य. जुन्या कागदात ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. दत्तकासाठी एकाच माणसाला दोन आई-बाप जोडता येतात, एक जन्माचे आणि एक ‘अडॉप्टेड’. सराफी घरांत दुकान चालवायला पुतण्या दत्तक घेणं इतकं सर्रास होतं की या एका सोयीसाठीही हे सॉफ्टवेअर घ्यावं.

आता जागा. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, किंवा आसपासच्या पेठांत दुकान असेल तर सिटी सर्व्हे नंबर काढून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागवा. सगळ्या शोधाचा कणा हाच. त्यावर फेरफाराच्या तारखेसह धारकांची नावं ओळीनं येतात. मात्र दोन आखूड शब्द नीट वाचा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कार्डावर एकच भाऊ दिसतो, बाकीचे तीन त्या अक्षरांमागे लपलेले असतात. एकुलता एक समजून पुढं गेलात तर तीन फांद्या गेल्या. दुसरा ‘अ.पा.क.’, अज्ञान पालन कर्ता. समजा १९५२च्या फेरफाराला ‘गंगाधर, अ.पा.क. आई सरस्वती’ अशी ओळ आहे. एवढ्याशा ओळीत चार गोष्टी मिळतात: बाप वारलेला आहे, आई हयात आहे, मुलगा अठराच्या आतला आहे, म्हणजे जन्म १९३४चा किंवा त्यानंतरचा. ग्रॅम्प्समध्ये जन्मतारीख ‘आफ्टर १९३३’ आणि दर्जा ‘कॅल्क्युलेटेड’ (हिशोबानं काढलेली) असा भरा. नुसतं १९३४ लिहिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच तो पुरावा वाटायला लागेल. तसंच शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला की त्याला ‘एस्टिमेटेड’ (अंदाजे) लावून मोकळं व्हा. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला, तो मास्तरांच्या कृपेनं.

ग्रॅम्प्समध्ये ‘पेढी’ किंवा ‘दुकान’ असा नोंदीचा प्रकार नाही, ही मोठी उणीव. त्यावर तोड म्हणजे दुकानालाच ‘प्लेस’ करायचं: सिटी सर्व्हे नंबर हे नाव, वर पेठ, वर कोल्हापूर. ठिकाणाची उतरंड तारखेसह देता येते, ती द्या. १ मार्च १९४९पर्यंत करवीर संस्थान, मग मुंबई राज्य, १ मे १९६०पासून महाराष्ट्र. ही हौस नाही. कागद कुठल्या दप्तरात शोधायचा ते यावरून ठरतं. सांगली-मिरजेकडची सोयरीक असेल तर ती पटवर्धनांची संस्थानं, त्यांचं दप्तर वेगळं. भाऊवाटणी ही एकच घटना करून ती चारही भावांना जोडायची, प्रत्येकाची भूमिका वेगळी, साक्षीदारही त्यातच. साक्षीदार बहुधा शेजारचा दुकानदार किंवा व्याही निघतो, म्हणून त्याला टाकू नका.

खरा माल वह्यांत असतो. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या, रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची) आणि खतावणी (खातेवार). स्कॅनरवर त्या पूर्ण उघडत नाहीत आणि दाबल्या की शिवण तुटते. मोबाईल वरून सरळ धरेल असा स्टँड, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, फ्लॅश बंद, आणि पानाच्या कडेला एक पट्टी ठेवून फोटो. शाई उडालेली असेल तर एकाच बाजूनं अगदी खालून उजेड द्या, बोरूचे ओरखडे वर येतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको. फाइलला नाव ‘वही०३_पान०१७’ असं, आकडा शून्यासकट, नाहीतर पान २ हे पान १९च्या मागं जाऊन बसतं.

जुन्या वह्या मोडीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. २०२३नंतर कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना मागणी वाढली आहे. चांगला वाचक मिळाला तरी त्याला सराफी भाषा येत असेलच असं नाही. पानं देण्याआधी त्याला शब्दांची यादी करून द्या: ठुशी, बोरमाळ, पुतळ्या, चिंचपेटी, वज्रटीक, पाटल्या, गोठ, तोडे, बुगडी, साज, जवमणी, घट, मजुरी, लाख. यादी नसली की साजाच्या नोंदीतली ‘लाख’ रुपयांत वाचली जाते आणि पणजोबा एका रात्रीत लक्षाधीश होतात. ती लाख पोकळ मण्यांत भरायची असते.

वजनं अशी: १ तोळा म्हणजे १२ मासे, १ मासा म्हणजे ८ गुंजा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा. ७ तोळे ४ मासे ३ गुंजा म्हणजे ८५.९ ग्रॅम. आकड्यापुढची उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. पाव कशाचा हे मात्र रकान्यावरून ठरतं. रुपयाच्या रकान्यात दोन रेघा म्हणजे ८ आणे, तोळ्याच्या रकान्यात ६ मासे. ‘१।’ हे सव्वा आहे, अकरा नाही. घाईत हमखास चुकतं.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: तुमचा पूर्वज तुमच्या घरच्या वहीत नसेल, दुसऱ्याच्या वहीत असेल. पुष्कळ दुकानदार घराणी आधी कारागीर होती. सराफ त्यांना सोनं तोलून द्यायचा, दागिना तोलून घ्यायचा, घट, म्हणजे घडवताना कमी झालेलं सोनं, वजा करायचा, मजुरी जमा करायचा. खतावणीत प्रत्येक कारागिराचं खातं असतं, त्यात नाव, गाव, कधी मुलाचं नाव ‘हस्ते’ म्हणून. बाप गेल्यावर खातं मुलाच्या नावावर फिरतं. ते पान मृत्यूच्या दाखल्याइतकं बोलतं. हुपरीकडचे चांदी कारागीरही असेच सापडतात. ग्रॅम्प्समधल्या ‘असोसिएशन’मध्ये सराफ आणि कारागीर हे नातं नोंदवा. मात्र गहाणखात्याची पानं असतील तर त्या नोंदींना कुलूप लावा. ‘प्रायव्हेट’ केलेली नोंद निर्यात करताना वगळता येते. कुणाच्या आजीच्या पाटल्या कधी गहाण पडल्या होत्या हे भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायला नको.

तारखांपाशी ग्रॅम्प्स खरंच कमी पडतं. त्यात ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, इस्लामी, फारसी, अगदी फ्रेंच क्रांतीचंही कॅलेंडर आहे. शक, संवत, फसली काहीच नाही. म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी पुराव्याच्या टिपेत लिहायची आणि इंग्रजी तारीख हातानं काढून भरायची. शकात ७८ मिळवा, पौषात जानेवारी लागल्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. गुजराती-मारवाडी पेढ्यांचं संवत कार्तिकात बदलतं, त्यातून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, पुढं ५६. फसलीत, म्हणजे महसुली वर्षात, ५९० मिळवा, जानेवारीपासून ५९१.

सर्वांत फसवा तो सुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली वर्षगणना. जुन्या कागदावर ‘छ ५ रमजान, सीत सबैन मया व अलफ’ असं असतं. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढं चांद्र तारीख; सीत ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११७६. महिना रमजान दिसला म्हणून ग्रॅम्प्सचं इस्लामी कॅलेंडर निवडून ११७६ भरलंत की तारीख जाते मार्च १७६३मध्ये. खरी तारीख १७७५च्या ऑक्टोबरअखेरची. कारण दिवस आणि महिना हिजरीचा, पण वर्ष सुहूरचं, आणि ते मृगाला सुरू होणारं सौर वर्ष. सुहूरमध्ये ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग या काळात ६००. त्यातून इसवी सन काढा, त्या वर्षीचा हिजरी सन पाहा (इथं ११८९), आणि मग तो इस्लामी कॅलेंडरमध्ये भरा. असं केलं तर रूपांतर एखाद्या दिवसाच्या फरकानं बरोबर येतं. बारा वर्षांची चूक म्हणजे बापाच्या जागी मुलगा.

विसाव्या शतकात १९६३ या सालाभोवती डोळ्यांत तेल घालून बघा. त्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटहून शुद्ध नवा दागिना घडवायला बंदी झाली. ती अट पुढं शिथिल झाली, १९६८ला सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि १९९०ला रद्द झाला. १९६३च्या आसपास पुष्कळ घरांतल्या मुलांच्या दाखल्यावर बापाचा धंदा सोनारकामावरून अचानक नोकरी किंवा शिवणकाम होतो. तो दुसरा माणूस समजू नका. उलट या काळातली परवान्याची आणि प्रमाणित सुवर्णकाराची कागदपत्रं घरच्या कपाटात असतील, त्यावर नाव आणि दुकानाचा पत्ता दोन्ही असतो.

लग्नाच्या याद्या फेकू नका. मुलीला काय घातलं ते वजनासह लिहिलेलं असतं आणि खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. लेकींच्या फांद्या पुरुषी वंशावळीत कुठेच नसतात, त्या इथं मिळतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि कुळावर लावलेल्या असतात. जाताना मूळ गाव आणि निदान दोन पिढ्यांची नावं पाठ असू द्या, दक्षिणा ठेवा, पानाचा फोटो काढायची परवानगी आधी विचारा.

सॉफ्टवेअरच्या तक्रारी एकदम सांगतो. फोटो ग्रॅम्प्सच्या आत साठत नाहीत, फक्त त्यांचा पत्ता साठतो. फोल्डर हलवलं की सगळी चित्रं गायब. सुरुवातीलाच एक ‘बेस पाथ’, म्हणजे चित्रांचं मूळ फोल्डर, ठरवा आणि प्रत्येक चित्राचा पत्ता त्या फोल्डरपासून मोजलेला (सापेक्ष) ठेवा. बॅकअप ‘जीपीकेजी’ प्रकारात घ्या, त्यात चित्रं येतात. नुसत्या एक्सएमएलमध्ये येत नाहीत. उच्चारावरून नाव शोधणारं साउंडेक्स देवनागरीला चालत नाही, म्हणून फिल्टरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (एकाच वेळी अनेक रूपं शोधायची सोय) चालू करून ‘विठोबा|विठ्ठल|विठू’ असं शोधा. आणखी एक छुपं दुखणं: ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना सारखा, संगणकाला वेगळा. परिणामी कऱ्हाड दोनदा तयार होतं आणि निम्मी माणसं एकात, निम्मी दुसऱ्यात. टंकलेखन एकाच कीबोर्डवर करा. प्रत्येक नोंदीला नवा पुरावा बनवायची सवयही वाईट. एका पानाचा एकच पुरावा करून तोच सगळीकडे जोडा, नाहीतर दोनशे पानांच्या वहीचे हजार पुरावे होतात.

छपाईचं सांगायचं तर अख्खा वृक्ष भिंतीएवढा छापण्यात अर्थ नाही. चार पिढ्यांचे तक्ते ए-थ्री कागदावर, अक्षर मोठं, कडेला भरपूर कोरी जागा. घरातल्या सगळ्यात जुन्या काकू-आत्यांपुढं ठेवा आणि हातात पेन्सिल द्या, पेन नको. दहा मिनिटांत त्या तीन नावं खोडतात आणि दोघी मिळून त्यातलं एक परत लिहितात.