कच्छच्या डोंगरांसाठी घेतलेला तंबू: नवरात्रापासून होळीपर्यंतचा अनुभव

गेल्या नवरात्राच्या आधी आम्ही तीन माणसांचा डोम तंबू घेतला, तो कच्छच्या कोरड्या डोंगरांत मुक्काम करता यावा म्हणूनच. आधी जांबुघोड्याजवळ ओळखीच्यांच्या शेतात उभारून पाहिला, मग थंडीभर धिणोधरचा डोंगर, नखत्राण्याची बाजू, बन्नीच्या गवताळ रानाची कड आणि मांडवीचा किनारा असा फिरवला. बडोद्याहून कच्छला जाणारी बरीच मराठी मंडळी पांढऱ्या रणाकाठच्या धोरडोच्या तंबूनगरीत उतरतात. तिथे सगळी सोय असते, त्यांना यातलं काही लागणार नाही. ज्यांना स्वतःचा तंबू आणि स्वतःचं पाणी घेऊन जायचंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

तंबू विकताना सगळीकडे पहिला आकडा सांगतात तो पावसाचा. 2000 मिमी, 3000 मिमी, 5000 मिमी. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. जुलैत सह्याद्रीत जायचं असेल तर तो आकडा जरूर बघावा. कच्छात वर्षाचा पाऊसच साधारण 400 मिमी, तोही चौमासात, आणि आपण जाणार मार्गशीर्ष-पौषात. तिथे तंबू टिकतो की नाही हे ठरतं वाऱ्यावर, दगडाळ जमिनीवर, काट्यांवर आणि बारीक धुळीवर. माझं ठाम मत झालंय की पावसाच्या मोठ्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. तेच पैसे ॲल्युमिनियमच्या पोलवर, जाड तळावर आणि चांगल्या चेनवर घालावेत. आमच्या तंबूचे पोल ॲल्युमिनियमचे आहेत आणि इतक्या महिन्यांत एकही वाकलेला नाही. सोबत आलेल्या एका कुटुंबाच्या तंबूचा फायबरग्लासचा पोल मात्र वाऱ्यात उभा चिरला. त्याच्या कुसळासारख्या कपच्या हाताला लागतात, तेव्हा फायबरचा पोल असेल तर सोबत चिकटपट्टी ठेवाच.

सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते खुंट्यांशी. धिणोधर 386 मीटर उंच, मूळचा ज्वालामुखीचा डोंगर. आपल्या सह्याद्रीत दिसतो तोच काळा बेसाल्ट. माथ्यावर धोरमनाथांचं स्थान, पायथ्याशी थान इथे कानफाट्या नाथजोग्यांचा मठ. धोरमनाथांनी बारा वर्षं डोक्यावर उभं राहून तप केलं आणि डोळे उघडले तेव्हा समोरचा समुद्र आटून त्याचं रण झालं, अशी तिथली कथा आहे. वर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की ती कथा कशी सुचली असेल ते कळतं. पण या डोंगराच्या पायथ्याशी माती जेमतेम चार बोटं, खाली सलग दगड. तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या पहिल्याच संध्याकाळी वाकल्या. बडोद्याला परतल्यावर लोखंडी सामानाच्या दुकानातून आठ इंची जाड खिळे घेतले, प्रत्येकात एक मोठा वॉशर घातला आणि पुढचा सगळा हिवाळा त्यावर काढला. वजन वाढतं, पण गाडी तंबूपर्यंत जात असेल तर बिनधास्त घ्या. जिथे खिळाही शिरत नाही तिथे दोरी लांब घेऊन मोठ्या दगडाभोवती गुंडाळायची आणि तिच्यावर दुसरा दगड ठेवायचा. म्हणून दोरी दुप्पट न्या. मांडवीच्या वाळूत खिळे कुचकामी. तिथे कापडी पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून, त्या आडव्या पुरल्या. अशा पुरलेल्या पिशव्या रात्रभर हलल्या नाहीत.

डोम तंबू खुंट्यांशिवायही उभा राहतो, आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात. रिकामा तंबू वाऱ्याच्या एका झोतात उलटापालटा होत जातो. उभा केल्याबरोबर जड सामान आत टाकायचं, मग खुंट्या. अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला.

काट्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. कच्छात जिकडेतिकडे गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ. बन्नीत खारं रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने 1960च्या दशकात ती लावली आणि मग तिने गवताळ रानच गिळायला घेतलं. तिथले मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, तिच्याबद्दल फार तळमळीने बोलतात, कारण त्यांच्या म्हशी त्या गवतावर जगतात. तिचा काटा वाळल्यावर खिळ्यासारखा कडक होतो आणि धुळीत दिसत नाही. तंबूच्या खाली आम्ही ताडपत्री घालतो, तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडून, म्हणजे दव तिच्यावर साचून आत येत नाही. एवढं करूनही हवेची गादी दोनदा पंक्चर झाली. हवेच्या गाद्या या प्रदेशासाठी घेऊच नका. घडीची फोमची चटई जाडीला कमी असते, पण तिच्यात काटा घुसला तरी ती तशीच काम देते आणि खालून येणारी थंडी चांगली अडवते.

थंडीला कमी लेखू नये. हिवाळ्यात गुजरातेतलं सगळ्यात कमी तापमान पुष्कळदा कच्छातल्या नलियाचंच असतं, आणि पारा एक आकडी होतो. दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे कानटोपी शोधावी लागते. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर दोन तापमानं असतात, कम्फर्ट आणि लिमिट. युरोपीय चाचणीत कम्फर्टचा आकडा सरासरी स्त्रीसाठी आणि लिमिटचा सरासरी पुरुषासाठी धरतात. दुकानदार मोठ्याने लिमिट सांगतो. बायकांनी आणि ज्यांना थंडी बाधते त्यांनी कम्फर्टच बघावा. आमच्या बॅगचा कम्फर्ट 10 अंश आहे. वरून सासूबाईंनी शिवलेली गोधडी घेतली की पौषातही झोप लागते.

स्वयंपाकाला ब्युटेनच्या डब्याची शेगडी आहे. शेगडी उत्तम, पण ब्युटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचाच थांबतो, त्यामुळे पहाटे ज्योत मलूल पडते आणि चहाला फार वेळ लागतो. डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपा, नाहीतर सकाळी साध्या पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवा. आगीवर किंवा दुसऱ्या शेगडीवर चुकूनही धरू नका. आणखी एक: रेल्वेत गॅसचे डबे नेता येत नाहीत. सयाजीनगरी एक्स्प्रेसने रात्रीत भुज गाठणं सगळ्यात सोपं, पण तेव्हा शेगडी घरी ठेवायची आणि जेवण गावात घ्यायचं. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक मिळालं की कोणाला शेगडी आठवते! लाकडाची शेकोटी आम्ही पेटवत नाही. पौषात गवत पूर्ण वाळलेलं असतं आणि वाऱ्याने ठिणगी कुठवर जाईल सांगता येत नाही.

पाण्याचा हिशेब सगळ्यात आधी करा. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला पाच लिटर, शिवाय एक दिवसाचं जास्तीचं. तिघांचं दोन दिवसांचं म्हटलं तर 45 लिटर, म्हणजे तितकेच किलो. एका मोठ्या कॅनऐवजी दहा-दहा लिटरचे कॅन बरे. एक गळला तरी बाकीचे राहतात आणि मुलालाही उचलता येतात. तोटीचा कॅन घेतला होता, त्याची तोटी डिसेंबरातच पाझरायला लागली. आता साध्या बुचाचेच वापरतो.

जनावरांची काळजी घ्यावी, भीती नको. खडकाळ कोरड्या जमिनीत फुरसं असतं, विंचूही असतात, म्हणून चेन कायम बंद, बूट आत, आणि रात्री बाहेर पडताना टॉर्च पायापुढे. कोल्हे येतात. काळा डुंगरावरच्या दत्तमंदिरात तर आरतीनंतर त्यांना भाताचा प्रसाद घालण्याची जुनी परंपरा आहे. आपल्याकडच्या दत्तभक्तांनी ती एकदा बघावीच. तंबूत मात्र अन्न उघडं ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गाडीत ठेवा.

काळा डुंगरावर तंबूचा बेत करू नका, तो सीमेजवळचा भाग आहे. पांढऱ्या रणात जायलाही परवाना आणि ओळखपत्र लागतं. कच्छ वाळवंट अभयारण्य 1986 पासून संरक्षित आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय राहता येत नाही. धिणोधरला आम्ही मठात आणि गावात विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागीच राहिलो. सरपंचांचा किंवा मठातल्या महाराजांचा शब्द असला की रात्री कोणी उठवायला येत नाही, आणि पाणी कुठे मिळेल तेही कळतं.

इतक्या महिन्यांनी तंबूची अवस्था अशी: कापड शाबूत, रंग उन्हाने थोडा उतरला. दिवसभर उभा ठेवायचा असेल तर वरचं आवरण सावलीत येईल अशी जागा शोधा, कारण ऊन कापडाला आतून जुनं करतं. दाराची चेन ही याची सगळ्यात कच्ची बाजू. रणाची खारी धूळ दातांत बसली आणि माघापासून चेन मागून उघडायला लागली. बडोद्यात सुरसागर तलावाजवळच्या एका बॅगवाल्याने सरका पक्कडीने दाबून दिला, सध्या ठीक चालते. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामानंतर जुन्या टूथब्रशने दात साफ करते.

बडोद्याच्या पावसाळ्यात तो त्याच्या घट्ट पिशवीत ठेवणार नाही. दमट हवेत कापडाचा आतला पाणी अडवणारा पीयू (पॉलीयुरेथेन) थर चिकट होतो, वास मारतो आणि मग काही उपाय चालत नाही. धुऊन, सावलीत दोन दिवस वाळवून, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलाय.

मापाबद्दल शेवटी. तीन माणसांचा म्हणजे दोन मोठी माणसं, एक मूल आणि थोडं सामान, एवढंच. पुढच्या हिवाळ्यात भाची सोबत येणार आहे, तेव्हा दोन माणसांचा आणखी एक तंबू घेऊ. चौघांचा एकच मोठा घ्यायचा नाही, कारण मोठ्याला वारा जास्त लागतो आणि धिणोधरच्या उतारावर तेवढी सपाट जागा सापडत नाही.