रंगाची नमुना-डबी: मोठा डबा उचलण्याआधी घेतली ते बरं झालं
आमच्या दारातल्या बोळकांडीला खिडकी नाही. दार उघडलं तरच उजेड. शेडकार्डावर बोटाच्या पेराएवढा दिसणारा फिकट राखाडी मला इतका आवडला होता, की मी थेट मोठा डबाच उचलणार होतो. बायको म्हणाली, "आधी नमुन्याची डबी आण." आणली.

भिंतीवर न लावता जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारले. ओला असताना फिका वाटलेला रंग वाळल्यावर चांगलाच गडद झाला. सकाळी दाराशी ठीक होता. रात्री मात्र २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच राखाडी चक्क शेवाळी! ६५००चा पांढरा दिवा लावून पाहिला तर निळसर, दवाखान्यासारखा. राखाडी बाद.

दुसरी डबी मोतिया रंगाची. कार्डामागे एलआरव्ही ७२ छापलंय, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ७२ टक्के भिंत परत देते. अंधाऱ्या जागेसाठी हा आकडा बघाच. मोतिया दोन्ही दिव्यांखाली टिकला.

तक्रार अशी, की डबी फक्त मॅटमध्ये, म्हणजे बिनचकाकीच्या रंगात मिळते. आमचं पोरगं रोज दप्तर भिंतीला घासतच आत येतं, त्यामुळे आम्हाला पुसता येणारं, हलक्या चकाकीचं सॅटिन हवं होतं. चकाकी बदलली की रंगही थोडा वेगळा भासतो, तेव्हा तेवढा अंदाज आपला आपणच बांधायचा. आणि झाकण असलं घट्ट, की स्क्रूड्रायव्हरने उचकटताना चमचाभर मोतिया माझ्या पँटवर. तो अजून निघालेला नाही.