सोयाबीनला युरियाची थैली की रायझोबियमचं पाकीट?

सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं झालं आणि वावर पिवळसर दिसू लागलं की हात आधी युरियाकडे जातो. ४५ किलोची थैली २६६ रुपये ५० पैशांत मिळते आणि थोड्याच दिवसांत पान हिरवं दिसतं. रायझोबियम म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहून झाडाला हवेतलं नत्र पुरवणारे जिवाणू. त्यांचं काम जमिनीखाली चालतं, त्यामुळे त्यांच्यावर भरवसा बसत नाही. पण या दोघांतून निवड करायची तर मुळाचा कारभार आधी समजून घ्यायला हवा.

गाठी पोसणं झाडाला महाग पडतं. हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंना साखर लागते आणि ती पानांतून येते. म्हणून गाठी किती धरायच्या, हे झाड स्वतः ठरवतं. पहिल्या गाठी धरू लागल्या की मुळात लहान पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, तयार होतात आणि पाण्याच्या वाटेने पानांत चढतात. तिथे नार्क नावाचं प्रथिन त्यांना ओळखतं, आणि पानांकडून मुळाला निरोप येतो: आता पुरे. नार्क बिघडलेली सोयाबीनची झाडं शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात उत्परिवर्तनातून मिळवली. त्यांच्या मुळांवर गाठींचे नुसते घोस होते, पण मुळं आखूड राहिली आणि वाढ खुंटली. नुसत्या गाठी मोजून पीक जोखू नये, ते यासाठी.

युरिया याच कारभारात हात घालतो. जमिनीत त्याचं नायट्रेट, म्हणजे मुळाला शोषता येणारं नत्र, होतं, आणि मुळाजवळ नायट्रेट वाढलं की मूळ तशीच दुसरी पेप्टाइडं बनवून नव्या गाठी थांबवतं. असलेल्या गाठींचं कामही मंदावतं. आयतं नत्र मिळत असताना झाड साखर कशाला खर्च करेल? सोयाबीनला हेक्टरी ३० किलो, म्हणजे एकरी साधारण १२ किलो नत्राची शिफारस आहे, तीही पेरणीसोबत, गाठी धरेपर्यंतची सोय म्हणून. एकरी एक डीएपीची (नत्र-स्फुरदाच्या खताची) थैली टाकली असेल तर त्यातले ९ किलो आलेच. वरून युरियाची अख्खी थैली म्हणजे आणखी २० किलोंवर नत्र! शेंगा भरताना झाडाला नत्राची खरी भूक लागते, तोवर हा युरिया बराचसा संपलेला असतो आणि गाठीही पुरेशा नसतात.

पाकिटाच्याही मर्यादा आहेत. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या वावरात त्याचे जिवाणू बहुधा असतातच, तिथे फरक कमी दिसतो. जिथे कालपर्यंत पऱ्हाटीच (कापूसच) होती आणि सोयाबीन पहिल्यांदा येतंय, तिथे मात्र पाकीट टाळूच नये. १० ते १२ किलो बियाण्याला २५० ग्रॅम कल्चर, म्हणजे पाकिटातलं जिवाणूंचं खत, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक आधी लावायचं, कल्चर शेवटी. दुकानात उन्हात पडलेलं किंवा मुदत संपलेलं पाकीट घेऊ नये, त्यातले जिवाणू मेलेले असू शकतात.

माझं मत पाकिटाच्या बाजूने आहे, आणि युरियाचा निर्णय मूळ पाहूनच घ्यावा. चार-पाच ठिकाणची झाडं ओल असताना खुरप्याने मातीसकट उचला. ओढून काढली तर गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती काम करतेय, युरिया नको. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नत्र देत नाही. पेरून पंचवीस-तीस दिवस उलटूनही गाठीच नसतील आणि खालची पानं सरसकट फिकी असतील, तर थोडा युरिया देणं रास्त आहे.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. झडीनंतर चिबडलेल्या काळ्या वावरात हे हमखास दिसतं. तिथे आधी पाणी काढून द्या, कारण मुळाशी हवा नसली तर गाठीही काम करत नाहीत. रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

सोयाबीनचं उरलेलं पाकीट रब्बीत हरभऱ्याला लावू नका. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, त्याचं पाकीट वेगळं मिळतं.