जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि हलका ब्लॉग: काही महिने वापरल्यानंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आमच्या लॅपटॉपवर ११ चालत नाही आणि दुकानदाराचं एकच, नवीन घ्या. पण लॅपटॉपमुळे एकूण जेवढा कार्बन हवेत जातो त्यातला बराचसा तो कारखान्यात बनतानाच गेलेला असतो, नंतर आपण जाळतो ती वीज त्यामानाने कमी, मग चांगलं चालणारं मशीन भंगारात का द्यायचं? जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवून घेतली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, तिला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. मशीन खरंच पळतंय.

मराठी टायपिंगची धास्ती होती, पण इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना) आणि फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून टाइप करायची) दोन्ही लेआउट आतच असतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना, की 'पायऱ्या' मधला ऱ्या बरोबर उमटतो. गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्याला हे रोज लागतं!

माझा गडकिल्ल्यांचा ब्लॉग ह्यूगो या वेबसाइट बनवायच्या मोफत प्रोग्रॅमवर नेला. पानं आधीच तयार असतात, कुणी उघडलं की दरवेळी सर्व्हरला डेटाबेस चाळून पान नव्याने बनवावं लागत नाही. फोटो स्क्वूश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या टूलमध्ये टाकून रुंदी १२०० पिक्सेल करते आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करते, मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो दोनेकशे केबीवर येतो आणि दगडावरचा शिलालेख तरी वाचता येतो. देवनागरी वेबफॉन्ट (पानासोबत डाउनलोड होणारा फॉन्ट) काढूनच टाकला, जोडाक्षरांमुळे ते फॉन्ट फार जड होतात आणि अँड्रॉइडमध्ये गूगलच्या नोटोचा देवनागरी फॉन्ट असतोच की. व्हिडिओ पानात न घालता नुसती लिंक देते.

डेटा कमी लागला म्हणून विजेची फारशी बचत होत नाही, हे मान्य. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की पान हलकं असलं तर वाचणाऱ्याचा जुना फोनही अजून काही काळ पुरू शकतो, आणि नवा फोन न घेणं ही खरी मोठी बचत आहे. गडाच्या पायथ्याला रेंजची एकच कांडी असते तिथेही पान उघडतं, हे मी स्वतः बघितलंय.

त्रास म्हणाल तर घरचा जुना स्कॅनर मिंटवर चालला नाही, त्याचं काम मोबाइलवर करते. ह्यूगोला कमांड टाइप कराव्या लागतात, त्याची स्वतःची कमेंटची सोय नाही, म्हणून पानाखाली ईमेल दिलाय. रॅम चार जीबी असेल तर आधी आठ करून घ्या, ब्राउझरला ती लागतेच.