मालडेफ: खटला पारखून घेणारी संस्था

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या अंगवळणी पडलेली आहे; मालडेफचा सारा भर मात्र ती पायरी चढण्यावरच आहे. मेक्सिकन-अमेरिकन समाजाच्या हक्कांसाठी न्यायालयीन लढाई लढणारी ही संस्था १९६८ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे, फोर्ड फाउंडेशनच्या २२ लाख डॉलरच्या अनुदानावर उभी राहिली. कायदेविषयक सेवा म्हणून तिचा दर्जा जोखायचा असेल, तर टायलर गावचा खटला पाहावा.

अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याचा पैसा मिळणार नाही, असा कायदा टेक्सासने १९७५ मध्ये केला आणि १९७७ मध्ये टायलरच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १००० डॉलर मागितले. मालडेफने दावा लावला. सुनावणी गाजावाजा टाळण्यासाठी भल्या पहाटे ठेवलेली होती आणि तिथूनच देशाबाहेर काढले जाईल या भीतीने काही पालक मोटारीत सामान भरून आले होते. त्यांची खरी नावे उघड होऊ नयेत म्हणून ‘डो’ हे टोपणनाव वापरण्याची मुभा न्यायाधीशांनी दिली. अशा अशिलांचा विश्वास मिळवणे हे युक्तिवादाइतकेच अवघड काम असते, आणि माझ्या लेखी संस्थेचे खरे कसब तिथे दिसते. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. तो कोणत्याही देशातून आलेल्या मुलाला लागू आहे, अर्थात भारतातल्याही.

उणिवा आहेतच. देणगीदाराच्या आग्रहाखातर १९७० मध्ये मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला हलवावे लागले, हे मला आजही खटकते. अशिलांचा मोठा गोतावळा टेक्सासमध्ये आणि कचेरी दूर, हा प्रकार पैशाच्या मिंधेपणाचाच म्हणायचा. शिवाय सारे संथ चालते. टेक्सासमधील शाळांच्या निधीवाटपातील विषमतेविरुद्धचा, एजवुड या शाळा-जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा दावा १९८४ चा, निकाल १९८९ चा, आणि न्यायालयात टिकेल असा कायदा करायला राज्याला त्यानंतरही काही वर्षे लागली.

एकट्याच्या व्हिसाची अडचण किंवा पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन येणाऱ्याने इथून फार अपेक्षा ठेवू नये, कारण ज्याच्या निकालाने हजारोंचे भले होईल असेच दावे ही संस्था प्रामुख्याने हाती घेते. गावपातळीवर सभासद होऊन काम करायचे असेल, तर १९२९ पासून चालत आलेली लुलॅक ही लॅटिनो नागरिकांची सभासद-संघटना अधिक सोयीची.