घरी ऑयस्टर, लायन्स मेन आणि रेशी : बरेच महिने वाढवल्यानंतरचा अनुभव

घरी अळिंबी वाढवायच्या तयार किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा, आणि हवेबद्दल कुठेतरी खाली बारीक अक्षरात एखादी ओळ असते, कधी तीही नसते. इतके महिने घरात अळिंबी वाढवल्यावर माझं ठाम मत झालंय की हे नेमकं उलटं छापायला पाहिजे. पाणी लागतंच, पण किट बिघडतं ते बहुतेक वेळा हवेपायी.

माझ्याकडे काय काय आहे ते आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. ऑयस्टर म्हणजे धिंगरी, ती खाण्यासाठी. लायन्स मेन खाण्यासाठी आणि औषधी म्हणूनही. आणि रेशी फक्त औषधी, ती इतकी कडक असते की चावून खाताच येत नाही. सुरुवात तयार किटने केली, मग ऑयस्टरचे बेड (काड भरलेल्या पिशव्या) घरीच भरायला लागले, बाकी दोन्हींचे भुशाचे ब्लॉक मात्र अजूनही तयारच आणते. त्यामुळे हा कुठल्या एका कंपनीचा रिव्ह्यू नाही, घरात अळिंबी घेणं या सगळ्या प्रकाराचाच आहे.

तर हवा. अळिंबी काही झाडासारखी उजेडावर अन्न बनवत नाही, ती काडातलं नाहीतर भुशातलं अन्न पचवते आणि आपल्यासारखाच ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. पिशवीत पांढरं मायसेलियम (अळिंबीच्या तंतूंचं जाळं) पसरत असतं तेव्हा तो वायू आत साठला तरी काही बिघडत नाही, पण फळं धरायची वेळ आली की ताजी हवा, दमटपणा आणि थोडा उजेड या तिन्ही गोष्टी एकदम मिळाव्या लागतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो, ऑयस्टरला तो १००० च्या खाली असला तर बरा, आणि दारं-खिडक्या लावून दोन माणसं झोपली की बंद खोलीत तो रात्रभरात सहज हजाराच्या वर जातो. आता सांगा, बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवलेल्या किटला लांबच लांब दांडे आणि बटणाएवढ्या टोप्या आल्या तर त्यात किटचा काय दोष? कितीतरी लोक असा फोटो टाकून विचारतात की पाणी वाढवू का. नका वाढवू, खिडकी उघडा.

हे एकदा लक्षात आलं की अळिंबीच्या आकारावरूनच कळायला लागतं काय कमी पडतंय. दांडा लांब आणि टोपी बारीक असेल तर हवा कमी आहे. टोपीच्या कडा तडकल्या किंवा बारीक पिनहेड (टाचणीच्या डोक्याएवढे नवे कोंब) वाळून पिवळे पडले तर दमटपणा कमी आहे नाहीतर पंख्याचा वारा थेट लागतोय. टोपीवर पिवळट-तपकिरी चिकट डाग आले तर पाणी वर बसून राहिलंय आणि जिवाणू लागलेत, अशा वेळी फवारणी कमी करायची आणि फवारल्यावर दोन-तीन तासांत टोपी कोरडी होईल एवढी हवा खेळू द्यायची. फवारतानाही थेट पिनहेडवर मारू नका, आजूबाजूला आणि वर मारा, धुकं खाली बसतं तेवढं पुरतं.

सामानाबद्दल बोलायचं तर साधी बारीक फवारा देणारी बाटली सगळ्यात कामाची, किटसोबत येणारी बहुतेक वेळा मोठे थेंब टाकते म्हणून वेगळी घ्या. ह्युमिडिफायर (धुकं सोडणारं यंत्र) मी बरेच आठवडे टायमरवर चालवला, बंद कपाटासारखी जागा असेल तर उपयोग होतो, पण टाकी रोज धुवावी लागते कारण साचलेल्या पाण्यातले जिवाणू तो धुक्यासोबत खोलीभर उडवतो, शिवाय जड पाणी वापरलं तर सगळीकडे पांढरी पूड बसते. एक-दोन बेडसाठी मी तरी घ्या म्हणणार नाही. त्यापेक्षा झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, त्याला सहाही बाजूंनी साधारण ५ सेंटीमीटरवर ६ मिलिमीटरची भोकं पाडा आणि तळाला भिजवून निथळलेल्या परलाइटचा (बागकामातले हलके पांढरे दाणे) चांगला ८-१० सेंटीमीटरचा थर द्या. खालच्या भोकांतून हवा आत येते, ओल्या परलाइटमधून दमट होऊन वर जाते, आणि हे सगळं विजेशिवाय. डबा जमिनीवर टेकवू नका, खाली चार ठोकळे द्या, नाहीतर खालची भोकं बंद. पंखा म्हणून दिवसातून काही वेळा झाकणानेच वारा घालायचा.

दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर जरूर घ्या पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्वस्तातले मीटर ९० टक्क्यांच्या वर काहीही दाखवतात आणि अळिंबीला तर ८५ ते ९५ च्या मधलाच पट्टा लागतो. तपासायची सोपी रीत आहे, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलं करायचं (विरघळवायचं नाही), मीटरसोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवायचं, आत बरोबर ७५ टक्के दमटपणा तयार होतो. मीटर ७० दाखवत असेल तर पाच मिळवून वाचायचं. हे कुठल्याच किटसोबत सांगत नाहीत, का ते मला खरंच समजत नाही.

हवेचा विषय निघालाय तर आपल्या हवेचंही बोलू, आणि हे मी सगळ्यात कळकळीने लिहितेय. ऑयस्टर पिकली की बीजाणू सोडते, आणि थोडेथोडके नाही, खालच्या टेबलावर पांढरा थर दिसतो इतके. मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना या बीजाणूंमुळे फुफ्फुसांची ॲलर्जी होते, त्याला मशरूम वर्कर्स लंग असंच नाव आहे. घरातल्या एक-दोन बेडचा धोका तेवढा नाही, तरी दमा असलेलं कोणी घरात असेल, लहान मूल असेल तर झोपायच्या खोलीत बेड ठेवूच नका. उपाय सोपा आहे, टोपीच्या कडा खाली वळलेल्या असतात तेव्हाच तोडायचं, कडा सपाट होऊन वर वळायला लागल्या म्हणजे उशीर झाला. तेव्हा तोडलेली चवीलाही जास्त चांगली आणि जास्त टिकणारी. अजून थोडी मोठी होऊ दे असं वाटतंच, पण शेवटच्या दिवसात वजन फार वाढत नाही, बीजाणू मात्र वाढतात. पूर्ण गुच्छ एकदम पिळून काढायचा, मागे देठ ठेवायचे नाहीत, ते सडतात.

जात निवडताना रंग बघू नका, खोलीचं तापमान बघा. राखाडी ऑयस्टरला (प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटस) साधारण १५ ते २० अंश आवडतं, गुलाबीला २० ते ३०. गुलाबी दिसायला फार सुंदर, वाढतेही भराभर, पण तोडल्यावर जेमतेम एखादा दिवस टिकते, आणि तिचं मायसेलियम थंडीत मरतं, त्यामुळे गुलाबीचं किट "नंतर लावू" म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं की संपलं. राखाडीचं काही दिवस फ्रिजमध्ये राहतं.

घरी बेड भरणं किटपेक्षा कितीतरी समाधानाचं आहे, आणि वाटतं तेवढं अवघड नाही. काड ३-५ सेंटीमीटरचं कापायचं, भिजवायचं, ६५ ते ८० अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं. उकळायचं नाही, कारण उकळल्यावर काडातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि मोकळं रान बघून पहिली शिरते ती हिरवी बुरशी. मूठभर काड जोरात पिळलं तर दोन-चार थेंब पडावेत, धार लागता कामा नये. मग ओल्या काडाच्या ५ ते १० टक्के वजनाचं स्पॉन (अळिंबीचं बियाणं) थर देत भरायचं, २२ ते २५ अंशात दोन-तीन आठवडे ठेवायचं, पांढरं झालं की हवेत आणायचं. स्पॉनवर पैसे वाचवू नका, जास्त स्पॉन घातलं की मायसेलियम लवकर पसरतं आणि बुरशीला जागाच उरत नाही. किटवर "अमुक किलो अळिंबी" असा दावा असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा, कोरड्या काडाच्या वजनाएवढी ताजी अळिंबी सगळे बहार मिळून निघाली तर त्याला १०० टक्के उत्पादनक्षमता म्हणतात आणि ते उत्तम समजलं जातं. आणि त्यातही पहिला बहार सगळ्यात मोठा असतो, दुसरा दहा-पंधरा दिवसांनी येतो, तिसऱ्यानंतर मी पुढच्याची वाट बघत नाही.

हिरवा डाग दिसला की ती ट्रायकोडर्मा, म्हणजे तीच हिरवी बुरशी. ती आधी पांढरीच असते म्हणून फसायला होतं, पण तिचा पांढरा जास्त भुरभुरीत असतो आणि दोन-तीन दिवसांत हिरवा होतो. पिशवी घरात उघडायची नाही, तोंड बांधून तशीच बाहेर. बारीक काळ्या माश्यांसाठी पिवळे चिकट कागद लावा, बस.

आता लायन्स मेन, माझी सगळ्यात लाडकी. हिचं मायसेलियम इतकं विरळ असतं की ब्लॉक अजून भरलाच नाही असं वाटतं, आणि तेवढ्यात आतच गाठी धरायला लागतात, त्यामुळे वाट बघत बसू नका, पिशवीला एकच छोटी चीर द्या. १८ ते २२ अंश तिला मानवतं. हिला ऑयस्टरइतकीच हवा लागते पण कोरडा वारा अजिबात सोसत नाही, लगेच पिवळी-तपकिरी पडते. हवा कमी पडली तर गोळ्याऐवजी पोवळ्यासारख्या फांद्या फुटतात. गोळ्यावरचे काटे ५-१० मिलिमीटरचे झाले की काढा, नंतर कडवट होते. हिचा आणि रेशीचा ब्लॉक तयारच आणा असं मी म्हणते कारण तो पोषक घातलेल्या लाकडी भुशाचा असतो, त्याला काडासारखं गरम पाणी पुरत नाही, १२१ अंशावर दाबाखाली दोन-अडीच तास निर्जंतुक करावा लागतो.

रेशीकडे संयम असेल तरच वळा, तीन-तीन महिने सहज जातात. पण हवेचं महत्त्व ज्याला डोळ्यांनी बघायचंय त्याने रेशी लावावीच. पिशवी बंद ठेवली, कार्बन डायऑक्साइड साठू दिला की तिला टोपी येतच नाही, लालसर चकचकीत शिंगं फुटत वर जातात. तीच पिशवी उघडली की त्याच शिंगांची टोकं पसरून पंख्यासारखी टोपी होते. कडेची पांढरी पट्टी नाहीशी झाली की तयार. लगेच चिरा, वाळल्यावर सुरी चालत नाही.

औषधी गुणांबद्दल आता मोकळेपणाने लिहिते, कारण या विषयात खूप काहीच्या काही विकलं जातं. लायन्स मेनवर २००९ साली जपानमध्ये एक छोटी चाचणी झाली, ५० ते ८० वयाचे, विस्मरणाचा सौम्य त्रास असलेले ३० जण, रोज ३ ग्रॅम पूड, १६ आठवडे. पूड घेणाऱ्यांचे गुण सुधारले, पण बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा उतरले. आशा वाटावी असं आहे, पण तीसच माणसं. रेशी आणि कॅन्सरवर कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने उपलब्ध चाचण्या तपासल्या आणि पहिला उपचार म्हणून ती वापरावी इतका पुरावा नाही असंच म्हटलं. म्हणून कोणी उपचार सोडून रेशीचा काढा पीत असेल तर कृपया त्यांना थांबवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेशी घेऊच नका. मी स्वतः कधीमधी पातळ काप तासभर मंद उकळून घेते, भयंकर कडू लागतं, आणि त्याने अमुक बरं झालं असं मी सांगणार नाही कारण तसं मला सांगताच येत नाही.

खाण्याची अळिंबी मात्र नक्की अंगी लागते. कच्ची खाऊ नका, कुठलीच, नीट शिजवा. तोडल्यावर कल्ले (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) वर करून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवली तर तिच्यातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाचं व्हिटॅमिन डी२ होतं, आणि हे तोडलेल्या अळिंबीतही होतं. उन्हात ठेवून मग वाळवून बरणीत भरली तर डी२ बराच काळ टिकतं, वजन मात्र दहावा भागच उरतो.

बेड संपला की फेकू नका, मोडून कंपोस्टमध्ये घाला, गांडुळांना ते अर्धवट पचलेलं काड फार आवडतं. सावलीत ओल्या भुशाच्या ढिगात पुरलेल्या बेडमधूनही ऑयस्टर कधी कधी पुन्हा उगवते, फक्त ती नक्की आपलीच आहे याची खात्री असल्याशिवाय खायची नाही, उघड्यावर दुसरी रानटी अळिंबीही तिथेच उगवू शकते.