बँक शॉटसाठी घरगुती बास्केटबॉल हूप: अ‍ॅक्रिलिक बोर्डचाच घ्या

बास्केटबॉलपटू टिम डंकन सॅन अँटोनियो स्पर्स या अमेरिकी व्यावसायिक संघाकडून १९ मोसम खेळला, ५ अजिंक्यपदं जिंकली, २००२ आणि २००३ मध्ये एमव्हीपी (मोसमातला सर्वांत मौल्यवान खेळाडू) ठरला. बाजूने साधारण ४५ अंशांतून, बोर्डवर आखलेल्या चौकोनाच्या जवळच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवून रिंगमध्ये उसळवलेला बँक शॉट हे त्याचं हुकमी अस्त्र. पॉवर फॉरवर्डला (रिंगजवळ खेळणाऱ्या धिप्पाड खेळाडूला) तो घोटवायचा असेल, तर बोर्ड दगा देणारा नको.

चाकांवरच्या हूपमध्ये पॉलिकार्बोनेटचा बोर्ड स्वस्त असतो, सहसा फुटतही नाही. पण चेंडू आदळला की तो दबतो आणि उसळी मरते. मग खेळाडू नकळत जोर वाढवतो, आणि काचेच्या बोर्डवर तोच शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. जाड अ‍ॅक्रिलिक, मागे पोलादी चौकट असलेलं, काचेच्या बरंच जवळ जातं. पैसे इथेच घाला. नेट किंवा रंगावर नको.

तळाच्या टाकीत पाण्यापेक्षा वाळू बरी: तेवढ्याच जागेत वजन जास्त, गळतीची कटकट नाही. टाकी भरल्यावरच उंची मोजा, जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत ३.०५ मीटर. आधी मोजलीत तर तळ बसल्यावर फरक पडतो.

रिंगचे बोल्ट डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं) मारून मारून सैल होतात आणि रिंग पुढे झुकते. लेव्हल ठेवून तपासा, पाना फिरवा. चौकोनाच्या खालच्या पट्टीची वरची कड रिंगच्या पातळीत हवी. स्वस्त मॉडेलमध्ये ती हमखास चुकलेली असते.